गारझिऱ्याची सिस्टर

मारेगावात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहिले, त्या बाईंना उपास चालत नसे. स्वतः करण्याचा प्रश्नच नव्हता, भाडेकरूनं केलेलाही चालत नसे. खोली दाखवताना त्यांनी मला ओटा दाखवला, मोरी दाखवली, गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार दाखवली आणि मग जिन्याच्या मधोमध थांबून विचारलं, "देव आणशीन का वं सोबत?"

मी चाचरत म्हणाले, "छोटा गणपती आहे. आईनं दिलाय."

"आण. त्याचं मले काही नाही. तुह्या खोलीत राहीन. पण त्याच्या नावानं उपाशी राह्यची नाही. रिकाम्या पोटी पोट्ट्या भोवळ येऊन पडतात, अन् मंग उचलाले मीच. नोकरीभर तेच केलं."

नोकरी नर्सची. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये आणि कोलामांच्या छोट्या वस्त्यांवर, ज्यांना तिकडे पोड म्हणतात, त्यांनी उभी उमर काढली होती. त्या मुलखात त्यांना नाव उरलं नव्हतं. लहान-थोर सगळे नुसतं 'सिस्टर' म्हणत. निवृत्त होऊन मारेगावला घर बांधलं तरी तेच चालू राहिलं. मी कॉलेजात शिकवायला आलेय हे कळल्यावर सिस्टरचा चेहरा उजळला होता, आणि मराठी शिकवते हे कळल्यावर तितकाच पडला.

"सायन्स नाही?"

"नाही."

"जाऊ दे. कोणीतरी मराठीही शिकवाच लागते."

त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. तिच्यापुढेही उदबत्ती नसे, कारण धुरानं दमा होतो. वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरी आल्याबरोबर देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, ही गोष्ट त्या फार रंगवून सांगत. आजी कशी रडली, टोपली कोणी उचलली, एक टाक कसा निसटून काठाच्या चिखलात रुतला, सगळं डोळ्यांपुढे उभं राही. मी विचारलं, "तुम्ही तेव्हा केवढ्या होतात?"

"जन्मलीच नव्हती. नाही तं टोपली मीच उचलली असती."

'कारण पाह्य, कारण,' हे त्यांचं पालुपद होतं. 'कारण सापडलं का देव उठून जाते.' शेजारच्या किराणा दुकानदारानं दारावर लिंबू-मिरची टांगली की सिस्टर शनिवारी सकाळी दूध आणायला जाता जाता ती काढून आणत. लिंबाचं सरबत होई, मिरच्यांचा ठेचा. दुकानदार भांडून थकला, आणि मग दोन लिंबू-मिरच्या टांगायला लागला. एक दृष्ट लागू नये म्हणून आणि एक सिस्टरसाठी. सिस्टर दोन्ही काढून आणत.

अशी बाई दरवर्षी मे महिन्यात, ऐन तपनीत, अर्धा दिवस जंगल तुडवून गारझिऱ्याला जाते हे मला कळलं तेव्हा खरंच वाटेना. कारण गारझिरा हे नवसाचं ठिकाण होतं.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मलाही नेलं. आधी एसटी, मग माणसांनी गच्च भरलेली जीप, आणि पायथ्याच्या गावापासून पुढे पायवाट. सागाला एक पान नव्हतं. पायाखाली वाळका पाला पापडासारखा मोडत होता. तेंदूपत्त्याचे दिवस होते, बाया पानांचे भारे डोक्यावर घेऊन उतरत होत्या आणि सिस्टरना पाहून थांबत होत्या. छत्री धरून सिस्टर पुढे आणि घाम पुसत मी मागे. दर वळणाला त्यांचं काहीतरी होतं. "ह्या मोहाखाली बाळंतपण केलं. बैलगाडी मोडली होती. पोरगी झाली. आता तिच्या पोरीचं लगन आहे." थोडं पुढे गेलं की, "इथं अस्वल दिसलं होतं. मी त्याले पाह्यलं, त्यानं मले पाह्यलं. दोघंही आपापल्या ड्युटीवर गेलो."

मग चढ संपतो, एकदम सावली लागते आणि हवाच बदलते. एका मोठ्या काळ्या खडकाच्या पोटातून, बोटभर फटीतून पाणी येतं आणि खाली परातीएवढ्या खळग्यात साचतं. वर जांभळीची दाट झाडं, खडकाला शेवाळ. मी पाण्यात हात घातला आणि लगेच काढून घेतला, इतकं ते गार होतं. बोटं दुखायला लागली. बाहेर जीव भाजून निघत असताना हे असं पाणी कुठून येतं, असं कुणालाही वाटावं. ओंजळ भरून तोंडाशी नेली, तेवढ्यात सिस्टर ओरडल्या, "थांब!"

त्यांनी पिशवीतून बाटली काढली, पाण्यानं भरली, आणि तिच्यात क्लोरीनचे थेंब टाकले. "आता अर्धा तास हात लावाचा नाही."

बाटली सावलीबाहेरच्या तापलेल्या दगडावर ठेवलेली होती. अर्ध्या तासानं आम्ही दोघींनी एवढ्या लांबून येऊन कोमट पाणी प्यायलं.

"कसं लागलं?"

"दवाखान्यासारखं."

"म्हंजे चांगलं."

पोडावरची एक बाई गुंड, म्हणजे पितळी हंडा, भरत होती. कोलाम पोडाला उन्हाळ्यात हाच एक आधार, कारण तिथला हातपंप होळीलाच कोरडा पडायचा. ती पदर तोंडावर धरून हसत होती. म्हणाली, "सिस्टर, आमी जन्मापासून असंच पितो. झिऱ्यानं आमाले काही केलं नाही."

"झिरा काही करत नाही. वर जनावरं चरतात, ते करतात. पोरायले उकळून देत जा."

"हो, हो," ती म्हणाली आणि गुंड डोक्यावर घेऊन गेली. उकळणार नव्हती, हे तिघींनाही माहीत होतं.

खळग्याजवळ एक शेंदूर फासलेला दगड होता. त्याला खालच्या गावातले लोक माय म्हणत. सिस्टरनी जुना ब्रश काढला आणि दगड घासायला घेतला. शेंदूर पाण्यात उतरतो आणि त्यात शिसं असतं, असं घासता घासता मला सांगितलं. नारळाच्या शेंड्या, उदबत्तीच्या काड्या, प्लास्टिकचे हार गोळा करून पिशवीत भरले. चपला त्यांनी बऱ्याच अलीकडे काढून ठेवल्या होत्या. चिखलानं खराब होतात म्हणाल्या. चिखल कुठे दिसत नव्हता. मग खडकाला पाठ टेकवून, डोळे मिटून, त्या बराच वेळ काही न बोलता बसल्या.

"काय करताय?" मी विचारलं.

"बी.पी. उतरवून राह्यली."

खालच्या गावात ह्याचा अर्थ वेगळाच लागला होता. जी बाई दरवर्षी भर उन्हात येते, मायपुढे अनवाणी जाते, मायचा दगड आपल्या हातानं धुते, तिथला केर काढते आणि डोळे मिटून बसते, तिला काय म्हणायचं? परतताना जीपमध्ये एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "सिस्टरची मायवर लई भक्ती. येक साल चुकत नाही." त्यावर सिस्टर अशा भडकल्या की ड्रायव्हरनं जीप बाजूला घेऊन थांबवली. त्यांनी शिसं, शेंदूर, मूत्रपिंड सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि उतरताना त्यांना हात जोडले.

दुसऱ्या उन्हाळ्यात बातमी आली की गारझिऱ्याचा विकास होणार. पायथ्याच्या गावात एक पुढारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी कुठूनसा निधी आणला होता. खडक फोडून फट मोठी करायची, खाली सिमेंटचं टाकं बांधायचं, वर टिनाचं शेड, पायऱ्या, आणि मायला देऊळ. गाव खूश होतं. पोड खूश नव्हतं, पण पोडाला कोणी विचारलं नव्हतं.

सिस्टर भाऊंना जाऊन भेटल्या. मी सोबत होते. भाऊ फार गोड माणूस. खुर्ची दिली, चहा दिला.

"भाऊ, ते पाणी फटीतून येते. तुमी सुरुंग लावसान, सिमेंट भरसान, तं पाणी दुसरी वाट धरन. मंग कुठं निंगन हे कोणाच्या बापाले ठाऊक नाही. मी नोकरीत एक झिरा असाच मरताना पाह्यला. तिथं आता टाईल लावलेलं कोरडं टाकं आहे."

"सिस्टर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," भाऊ म्हणाले.

"मंग?"

"पण काँट्रॅक्टर ठरला ना."

पुन्हा गेल्या. पुन्हा चहा मिळाला आणि शंभर टक्के बरोबर असल्याचंही कळलं.

भूमिपूजनाच्या दिवशी सकाळी पोडावरच्या त्या बाईचा फोन आला. "सिस्टर, ट्रॅक्टर आला. सिमेंटच्या गोण्या आल्या." सिस्टरना कित्येक वर्षांपासून शुगर होती. सकाळची गोळी नुकतीच घेतली होती आणि तव्यावर भाकर होती. त्यांनी गॅस बंद केला आणि भाकर तव्यावरच टाकून निघाल्या. जीपमध्ये मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

"कायले? पहिले तिथं जाऊन बोलू दे मले."

घराघरांतले उपास मोडत फिरलेली बाई त्या दिवशी रिकाम्या पोटी डोंगर चढली. पिशवीत साखरेची पुडी कायम असे, पण घाईत पिशवीच जीपमध्ये राहिली. बिस्किटंही तिच्यातच.

वर जत्रा भरली होती. डफडं वाजत होतं, उदाचा धूर कोंदला होता. भाऊंच्या म्हाताऱ्या आईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. चढाच्या खाली जिथवर गाडीरस्ता होता तिथे ट्रॅक्टर, आणि दोन-चार गोण्या मुहूर्तापुरत्या खांद्यावरून वर आणलेल्या. पोडावरच्या बाया रिकामे गुंड घेऊन एका बाजूला गप्प उभ्या होत्या. सिस्टर गर्दीतून सरळ पुढे गेल्या, खडकाशी उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. पाणी कुठून येतं, कसं मुरतं, फट बुजली तर काय होईल. चांगलं बोलत होत्या. कोणी ऐकत नव्हतं. डफडं थांबवण्याचंही कोणाच्या मनात आलं नाही. भाऊ मात्र मान डोलवत होते.

मग मला दिसलं की त्यांचा हात थरथरतोय.

कपाळावर घामाचे थेंब फुटले होते. आवाज चढला, शब्द एकमेकांत अडकायला लागले. अंबाडा सुटून केस खांद्यावर आले. त्यांनी एकदम खडकावर हात आपटला आणि अशा आवाजात ओरडल्या की तो मी कधी ऐकला नव्हता. "हात लावू नका! खबरदार, माह्या झिऱ्याले हात लावला तं!"

डफडं थांबलं.

त्या डुलत होत्या. डोळे कुठेतरी भलतीकडे लागलेले. खुर्चीवरून भाऊंच्या आईची किंकाळी आली, "माय आली! सिस्टरच्या अंगात माय आली वो!"

पुढचं सगळं फार भराभर झालं. मी ओरडले, "अहो, त्यांची शुगर कमी झालीये!" आणि पुढे धावले. दोन बायांनी मला धरलं. "धक्का नको लावू पोरी, माय हाय ते." कोणीतरी सिस्टरच्या कपाळाला मळवट भरला. हळदीचा सडा पडला. सिस्टर खडकाला धरून खाली बसल्या, हात पुढे केला आणि जड जिभेनं म्हणाल्या, "साखर... साखर दे."

"माय साखर मागते!" गर्दीत आरोळी उठली.

माझ्या जिवात जीव आला. "द्या ना मग! लवकर द्या!" प्रसादाच्या परातीतून मुठीमुठीनं साखर आली. भाऊंची आई खुर्चीतून उतरून सरपटत पुढे आली होती. तिनं स्वतःच्या हातानं सिस्टरच्या तोंडात साखर घातली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

भाऊ हात जोडून वाकले. "माय, काय चुकलं आमचं?"

सिस्टरनी साखर चघळत त्यांच्याकडे पाहिलं. नीट ओळखलं असावं असं वाटत नाही. "सिमेंट," त्या म्हणाल्या. "नेऊन टाक."

भाऊंनी एकदा गर्दीकडे पाहिलं. पुढारी माणूस, गर्दी वाचता येत होती. "मायची इच्छा नाही तं माही काय बिशाद!" ते मोठ्यानं म्हणाले आणि नारळ दगडाऐवजी सिस्टरच्या पुढ्यात फोडला. गोण्या आल्या तशा खांद्यावरून खाली गेल्या. निधीतून पुढे गावात सभागृह बांधलं. चांगलं झालंय.

पंधरा-वीस मिनिटांत सिस्टर माणसांत आल्या. कपाळाला हात लावला, बोटं लाल झालेली पाहिली.

"हे कोणं लावलं?"

मी जे झालं ते सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या, मळवट पदरानं खसाखसा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काही आलं नाही माह्या अंगात. शुगरची गोळी घेतली अन् खाल्लं नाही, म्हणून भोवळ आली. समजलं का? कारण आहे त्याले!"

"हो माय," लोक म्हणाले.

"माय नाही. सिस्टर."

"हो सिस्टर." आणि एक जण शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "तिले काही आठवत नाही. कोणालेच आठवत नसते."

घरी आल्यावर त्यांनी तव्यावरची सकाळची भाकर काढली आणि कांद्याशी खायला बसल्या. मी म्हटलं, "सिस्टर, झिरा तर वाचला. पोडाचं पाणी राहिलं."

"मी बोलली ते कोणं ऐकलं नाही. माही शुगर बोलली, ते साऱ्यायनं ऐकलं." घास गिळून म्हणाल्या, "खोटं एक अक्षर बोलली नाही मी. तेच तं दुखते."

मग भाऊंच्या आईचा विषय निघाला. मी काढला नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या घरात सिस्टरनी एक अवघड बाळंतपण केलं होतं. रात्रभर जागून बाळ-बाळंतीण दोघं वाचवली आणि सकाळी क्षणभर ओसरीवरच्या बाजेवर टेकल्या. "निंगाली, गल्लीच्या टोकाले पोचली नव्हती, तं मागून बाजेवर बादली ओतल्याचा आवाज आला. हेच म्हातारी. तेव्हा जवान होती." त्या भाकरीकडे बघत होत्या. "आज माह्या पायावर डोस्कं ठेवलं तिनं. तोवर मले थोडं थोडं समजाले लागलं होतं. पाय मागं घ्याचे होते. ती पाया पडली ते काही मले नाही पडली, हे बी समजत होतं."

"मग?"

"ठेवले वं पाय. घेतले नाही मागं. जरा वेळ ठेवले."

आणि त्या हसल्या. ते हसू मला आजही नीट सांगता यायचं नाही.

पण हार मानतील तर त्या सिस्टर कसल्या. आठवड्याभरातच त्या शुगर तपासायचं मशीन घेऊन पायथ्याच्या गावात पोचल्या. शुगर म्हणजे काय, ती कमी झाली की माणूस कसं थरथरतं, हे सगळ्यांना दाखवून अंगात येण्याचं खूळ कायमचं काढायचं असा बेत होता. नोकरीत असताना ह्याच गावात त्या तपासायला आल्या की लोक शेतात पळून जात. आता पारावर रांग लागली. मायच्या हातची सुई टोचून घ्यायला शेजारच्या गावातूनही माणसं आली. म्हाताऱ्या बाया बोटावरचा रक्ताचा थेंब कपाळाला लावून घेत होत्या. कितीतरी जणांची शुगर वाढलेली निघाली. सिस्टरनी त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं आणि ते खरोखर गेले.

मारेगावला येताना जीपमध्ये त्या मशीन पुसत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "काम तं झालं. पण कोणतं झालं, समजून नाही राह्यलं."

त्यानंतर त्या दर महिन्याला जाऊ लागल्या. प्रत्येक वेळी आधी ठणकावून सांगत की मी माय नाही. लोक प्रत्येक वेळी हो म्हणत. पोडावरची ती गुंडवाली बाई आता पाणी उकळायला लागली होती. सिस्टरनी तिला विचारलं, "एवढी सालं सांगितलं तेव्हा काहून नाही उकळलं?" ती म्हणाली, "तवा तुमी नुसत्या सिस्टर होत्या."

मला दुसऱ्या कॉलेजात नोकरी मिळाली. मारेगाव सोडायच्या आधी आम्ही एकदा गारझिऱ्याला गेलो. पाणी तसंच येत होतं, बोट बधिर करणारं. दगडापुढे आता नारळाऐवजी साखर वाहायची प्रथा पडली होती, आणि मुंग्यांची लांबच लांब रांग खडकावर चढत होती. सिस्टर चिडचिड करत साखर गोळा करत होत्या, तेवढ्यात खालच्या गावातली एक तरुण बाई धापा टाकत वर आली. कडेवर लेकरू, त्याची मान खांद्यावर पडलेली. सिस्टर येणार हे गावात कळलं होतं.

"माय, दोन रोज झाले, ताप उतरत नाही. अंगारा द्या."

"अंगारा-बिंगारा काही नाही माह्यापाशी. दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता, खाली जीप उभी आहे."

"तुमी म्हणता तं नेतो," ती म्हणाली. एवढ्यावर निघायला हवं होतं, पण ती हलेना. "पहिले याच्या डोक्यावर हात ठेवा."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी मुंग्यांकडे पाहिलं. मग त्यांनी हात पदराला पुसला आणि लेकराच्या कपाळावर ठेवला. ताप बघायला एवढा वेळ लागत नाही. त्या बाईनं डोळे मिटले होते. लेकराचे उघडे होते, ते सिस्टरकडे टक लावून पाहत होतं.

बाई धावत उतरून गेली. तिच्या मागे आम्हीही उतरायला लागलो. बरंच खाली आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मी ताप पाहून राह्यलती."

वळण ओलांडल्यावर पुन्हा म्हणाल्या, "तापच पाहून राह्यलती."

मी काही विचारलं नव्हतं.